कॅनडाला न गेलेला पांगुळगाडा

मित्रांनो, पांगुळगाडा म्हटले की तुम्हाला गुडघ्याएवढे, तीन चाकांचे रंगीत लाकडी खेळणे आठवेल. मूल वर्षभर ते ढकलते, चालू लागते, आणि मग ते माळ्यावर जाते. मीही एक पांगुळगाडाच आहे, आता बराच जुना; पण माझा दांडा मोठ्या माणसाच्या कमरेला लागतो आणि माझी चाके जेवणाच्या ताटाएवढी आहेत. मला धरून चालणारी मुलगी मला सोडून कधी चालू लागली नाही. तिचे नाव गोपिका.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे १९७६ साली माझा जन्म झाला. गोपिका तेव्हा पाच वर्षांची होती. जन्मताना ती उशिरा रडली. त्या थोड्या वेळात तिच्या मेंदूला इजा झाली, असे डॉक्टरांनी पुढे सांगितले. तिचे पाय ताठ राहिले, जीभ जड राहिली. एक वाक्य पुरे करायला तिला वेळ लागे. बुद्धी मात्र लख्ख होती.

तिचे वडील चंद्रभान एका कारखान्यात टूलमेकर होते. यंत्रांना लागणारे साचे आणि हत्यारे घडवणे हे त्यांचे काम. बाजारातला पांगुळगाडा मुलीला पुरेना, तेव्हा त्यांनी नत्थूजी वाढईकडून बाभळीच्या लाकडाचा माझा सांगाडा करून घेतला. मापे ऐकून नत्थूजी म्हणाला, "चंद्रभान, हा पांगुळगाडा हाय का बैल जुपाची रेंगी?" चाके चंद्रभानांनी स्वतः लेथवर उतरवली. माझ्या दोन्ही खांबांना त्यांनी भोके पाडली होती. मुलगी वाढली की दांडा वरच्या भोकात बसवायचा. दर दसऱ्याला ते माझी पूजा करत आणि दांडा एक भोक वर चढवत.

ती माझी चांगली वर्षे होती. मी गोपिकाला शाळेत नेई. मधल्या सुट्टीत माझ्यावर बसायला पोरे भांडत, आणि आधी कोण बसणार हे गोपिका ठरवी. गुरुजी इतर मुलांना म्हणत, "तिच्यासारखं वेळेवर येत जा." मला वाटे, ही माझीही स्तुती आहे.

१९७९ साली ओमप्रकाश घरी आला. तो चंद्रभानांच्याच खात्यात काम करी. कॅनडात कायमचे राहण्याची परवानगी कशी मिळते, याची पुस्तिका त्याने मागवली होती. रविवारची दुपार होती. कोकिळा, म्हणजे गोपिकाची आई, धाकट्या गुलाबला मांडीवर घेऊन बसली होती. ओमप्रकाश इंग्रजी वाचून अर्थ सांगत होता.

"पाय, शंभरात पन्नास मार्क पायजे. शिक्षणाचे वेगळे, अनुभवाचे वेगळे, इंग्रजीचे वेगळे. टूलमेकरले तिकडं लय मागणी हाय, त्याचे मस्त भेटते."

"अन् वयाचे?" चंद्रभानांनी विचारले.

"पस्तिशीपर्यंत दहा. मंग दर साली एक कमी. तुह्ये नऊ राह्यले."

"म्हंजे हे आताच बुढे झाले," कोकिळा म्हणाली.

"तिकडच्या हिशोबानं झालेच ना वहिनी. आणखी बसू द्या दोन-चार सालं, मंग पाहा."

सगळे हसले. दारात मला धरून उभ्या असलेल्या गोपिकाने विचारले, "काका, माह्ये किती मार्क?"

"लेकरायले मार्क नसते बेटा," ओमप्रकाश म्हणाला. "लेकरं बापाच्या मार्कावर जाते."

मग तो पुढचे पान वाचू लागला आणि मध्येच थांबला. पुस्तिका मिटून तो चंद्रभानांना अंगणात घेऊन आला. गोपिका दमून उंबरठ्यावर बसली होती. मी तिच्यासमोर अंगणात उभा होतो.

"एक गोष्ट आत नाई सांगतली," ओमप्रकाश म्हणाला. "मार्क भेटले तरी डॉक्टरी तपासणी असते. घरच्या साऱ्याइची. जे जाऊन राह्यले त्याइची, अन् बायको-पोरायपैकी जे इथं राह्यते त्याइची बी. याचा भार आपल्या दवाखान्यावर पडन असं त्याइच्या डॉक्टरले वाटलं, का तो नापास. अन् एक नापास म्हंजे सारे नापास."

"इथं ठेवली तरी?"

"इथं ठेवली तरी."

"मंग एवढं कायले वाचत बसला बावा?" चंद्रभान म्हणाले आणि माझ्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले.

दोघांपैकी कोणीही उंबरठ्याकडे पाहिले नाही. लोक गोपिकाच्या जिभेवरून तिच्या कानांचा अंदाज बांधत. ती सगळे ऐकत होती.

चंद्रभानांचे थोरले भाऊ वासुदेवराव तळेगावला राहत. श्यामजी पंतांचे तळेगाव म्हणतात तेच. ते वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवत आणि बाजारात विकत. त्यांना मूलबाळ नव्हते. कॅनडाची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "यात काय एवढं? मले दत्तक दे. कागदावर माही. तुले पायजे तवा तुही."

आमच्याकडे भावाचे मूल भावाने घेणे ही नवलाची गोष्ट नव्हती. एका चुलीवरून दुसऱ्या चुलीवर भाकर जावी, इतके ते सहज होई. त्यामुळे चंद्रभानांनी कोणा वकिलाला विचारले नाही. पत्नीला त्यांनी कारण सांगितले. वहिनीला, म्हणजे आनंदाबाईंना, खरे कारण सांगायचे नाही असे दोघा भावांनी ठरवले. "तुम्हाले लेकरू नाई, अन् गोपिका तुमची लाडाची. म्हणून तुमच्या वटीत घालतो," असे चंद्रभान त्यांना म्हणाले. लग्नाला वीस वर्षे झालेली ती बाई पदराने तोंड झाकून रडली. त्या रडण्यात आनंद होता, आणि हाच पुढे सगळ्यांच्या बोलण्याच्या आड आला.

दत्तक विधीत मूल प्रत्यक्ष द्यावे आणि घ्यावे लागते. भटजी म्हणाले, "उचला आणि मांडीवर द्या." गोपिका आठ वर्षांची होती. चंद्रभानांनी तिला माझ्यापासून सोडवून उचलले आणि भावाच्या मांडीवर ठेवले. तिचे ताठ पाय मांडीवर मावेनात. भटजींनी सांगितले, आजपासून यांना बाबा म्हणायचे आणि यांना आई. गोपिकाने मान हलवली. पण पुढेही ती त्यांना मोठे बाबा आणि मोठी आईच म्हणत राहिली.

कागद नोंदवायला आम्ही रजिस्ट्रार कचेरीत गेलो. तिथला अधिकारी सरळ माणूस होता. त्याने कोकिळाला दोनदा विचारले, तुमची संमती आहे ना? तिने सही केली. मग तो भावांना म्हणाला, "नीट ऐका. एकदा दिलेलं दत्तक मागे घेता येत नाही. रद्द होत नाही."

वासुदेवराव हसले. "साहेब, आमी भाऊ-भाऊ आहो. वापस घ्याचं तं घरीच घेऊ. तुम्हाले तरास देत नाई."

अधिकाऱ्याने शिक्का मारला. गोपिका आणि मी तळेगावला राहायला गेलो.

त्यानंतर चंद्रभानांचा अर्ज गेला. त्यात एकच मूल होते, गुलाब. कायद्याने ते खरे होते. दिल्लीला मुलाखत झाली, तपासण्या झाल्या, तिघेही पास झाले. १९८१ च्या उन्हाळ्यात ते निरोप घ्यायला तळेगावला आले. कोकिळा आत जाऊन बसली ती बाहेर आली नाही. चंद्रभान माझ्याजवळ उकिडवे बसले आणि चाकांना तेल देऊ लागले. वासुदेवरावांनी आदल्याच दिवशी तेल दिले होते.

"कोणी विचारलं तं मले काका म्हणजो," ते मुलीला म्हणाले. "थोडे दिवस."

"किती दिवस?"

"तिकडं बसलो का पयले तुह्येच कागद करतो."

गोपिकाने तोंडातल्या तोंडात शब्द जुळवला. मग म्हणाली, "काका."

तेल माझ्या चाकावरून ओघळून मातीत गेले, तरी त्यांचा हात थांबला नाही.

मित्रांनो, तळेगावची वर्षे वाईट होती असे मी म्हणणार नाही. आनंदाबाई तिला न्हाऊ घालत, तिच्या पायांना कोमट तेल चोळत, शाळेपर्यंत आमच्या मागे येत. वाटेतल्या बायका विचारत, "काऊन वो, मागं मागं फिरून राह्यली? पोरगी पळून जाते का काय?" आनंदाबाई म्हणत, "पळाली तं नवसच फेडीन." दांडा चढवण्याचे काम आता वासुदेवरावांकडे आले होते. दसऱ्याला ते गोपिकाला माझ्याशेजारी उभे करून डोळ्यांनीच माप घेत आणि म्हणत, "वाढली बाप्पा पोरगी." कॅनडाहून पत्रे येत. प्रत्येकात एक ओळ असे, कागद चालू आहेत. गोपिका ती ओळ दोनदा वाचे आणि पत्र मोठ्या आईकडे देई.

१९८६ च्या हिवाळ्यात वासुदेवराव गेले. खोकला त्यांनी फार दिवस अंगावर काढला होता. दवाखान्यात टीबी निघाला तेव्हा उशीर झाला होता. घरच्यांची तपासणी झाली, तेव्हा आनंदाबाईंनाही तोच रोग निघाला. गोपिका वाचली. डॉक्टर आनंदाबाईंना म्हणाले, "दीड वर्ष गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. पूर्ण बरे व्हाल."

तेरवीला चंद्रभान एकटे आले. दुपारी गोपिकाला शेजारच्या मुली हाताला धरून त्यांच्या घरी घेऊन गेल्या होत्या. मी ओसरीत होतो.

"भाऊजी, एक सांगा," आनंदाबाई म्हणाल्या. "पाच सालं झाले. पोरीचे कागद कुठं अडकले?"

चंद्रभान म्हणाले, "वहिनी, दत्तक वापस होत नाई. मी वकील पाह्यला, इथला बी अन् तिथला बी. सरकारच्या हिशोबानं ते माही पुतणी हाय."

"मंग पुतणी म्हणून न्या."

"पुतणीले नेता येत नाई. अनाथ असन तंच येते. मायबाप दोनी मेलेले पायजे, लग्न झालेलं नसलं पायजे, अन् वय अठराच्या आत पायजे."

"एक तं मेलाच," आनंदाबाई म्हणाल्या.

"वहिनी, असं कायले बोलता?"

"मी कुठं काय बोलली? नियम तुमीच सांगून राह्यले."

नियम त्यांनी खरा सांगितला होता. पण अर्धा. अनाथ पुतणीलाही डॉक्टरी तपासणी चुकत नाही, हे त्यांनी सांगितले नाही. ते सांगायचे तर मुलगी का दिली हेही सांगावे लागले असते. नवरा गेल्याला तेरा दिवस झालेल्या बाईला, तुमच्या वटीत घातलेले लेकरू तुमच्यासाठी घातलेच नव्हते, असे म्हणावे लागले असते. ते त्यांच्याने झाले नाही. ते चौथ्या दिवशी परत गेले.

त्यानंतर मी जे पाहिले ते असे. सकाळी गोपिका पाण्याचा पेला आणि गोळ्या मोठ्या आईच्या हातात देई. आनंदाबाई गोळ्या तोंडात टाकत, पाणी पीत, पेला परत देत आणि वांग्याच्या वाफ्यांकडे जात. तिथे पाटाच्या कडेला त्या तोंडातून काहीतरी काढून चिखलात दाबत. मग हात धुऊन कामाला लागत. मी कुडाला टेकून उभा असे. मला डोळे दिले तसा आवाज कोणी दिला असता, तर मी पहिल्याच दिवशी ओरडलो असतो.

डॉक्टर बुचकळ्यात पडत. "बाई, गोळ्या चालू असून वजन काऊन उतरून राह्यलं?"

"मले खानंच लागत नाई बाप्पा," त्या म्हणत.

कधी त्या दोन दिवस गोळ्या गिळत, मग चार दिवस गिळत नसत. गोपिकाच्या तोंडाकडे पाहून मन पालटत असावे. एका वर्षात त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एकदा पाय चोळता चोळता त्यांनी तिला विचारले, "कॅनडात थंडी लय हाय म्हणते. तुह्ये पाय दुखतीन का वो तिकडं?" गोपिका म्हणाली, "मी कुठं जाऊन राह्यली?" आनंदाबाई हसल्या आणि तेल लावत राहिल्या.

१९८८ च्या मार्चमध्ये एका सकाळी गोपिका मिरच्या तोडायला निघाली. पाट ओलांडताना माझे पुढचे चाक चिखलात रुतले. ती वाकली, एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने चिखल काढू लागली. तिच्या बोटांना अर्धवट विरघळलेल्या गोळ्या लागल्या. एक, मग तिच्याखाली आणखी. आनंदाबाई पलीकडच्या वाफ्यात होत्या.

"मोठी आई, हे काय हाय?"

"गोळ्या हायेत."

"कायले फेकल्या?"

"कडू लागते."

"खोटं."

आनंदाबाईंनी विळा खाली ठेवला. "तुह्याजवळ दीड साल राह्यलं. अठरा भरले का मंग कोणी नेत नाई तुले. तुह्या बापानं सांगतलं, मायबाप दोनी मेलेले पायजे. मी अशीच जगत राह्यली तं तू इथंच सडशीन. मी मेल्यावर तुले धरन कोन? हा लाकडाचा गाडा?"

गोपिकाचे ओठ हलले, पण शब्द यायला वेळ लागला. आनंदाबाई थांबल्या. त्यांना त्या थांबण्याची सवय होती.

"अन् डॉक्टरचं नाई सांगतलं?"

"कोणत्या डॉक्टरचं?"

"तिकडच्या. तपासणी असते. मी नापास हाय. माह्यापायी सारे नापास होत होते, म्हणून मले तुम्हाले देलं. तू मेली तरी मी नापासच हाय, मोठी आई."

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणंच नाई. बोलले तवा मी तठीच बसून होती."

आनंदाबाई वाफ्याच्या बांधावर बसल्या. खोकल्याची उबळ आली ती ओसरेपर्यंत गोपिका मला धरून उभी राहिली.

"मंग इतके सालं मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले वाटत होतं, तुह्यासाठी देलं," गोपिका म्हणाली. "म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून आनंदाबाई गोळ्या गिळू लागल्या. गिळल्यावर तोंड उघडून दाखवत, लहान मूल दाखवते तसे. डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली, औषधे बदलली. पण अर्धवट घेतलेल्या औषधाला रोग सरावतो, मग तो कोणाचे ऐकत नाही. डॉक्टरांनी हे गोपिकाला ओसरीत उभे राहून स्पष्ट सांगितले. तिच्याशी थेट आणि पुरे बोललेला तो पहिला मोठा माणूस. १९८९ च्या जानेवारीत आनंदाबाई वारल्या.

फेब्रुवारीत कॅनडाहून अर्ज आला. अनाथ पुतणीला बोलावण्याचा तो अर्ज होता. चंद्रभानांनी सोबत लिहिले होते की आता अट पुरी होते, डॉक्टरी तपासणीचे आपण विनंती करून पाहू, गोपिकाने फक्त तिचा भाग भरून सही करावी. आईच्या रकान्यात मृत लिहावे. वडिलांच्या रकान्यातही मृत लिहावे. खाली कोकिळाने दोन ओळी लिहिल्या होत्या, तुझी खोली तयार आहे.

गोपिकाने अर्ज भिंतीतल्या देवळीत ठेवला. तिला अठरा पूर्ण व्हायला सप्टेंबर उजाडणार होता. शेजारच्या शकुबाई रोज विचारत. त्यांचा जीव तुटत होता, पण तोंड फटकळ होते.

"भरला का वो?"

"नाई."

"काऊन नाई भरत? हात दुखते का? आता तं तुह्या आड कोणीच नाई राह्यलं."

"मावशी, आड कोणी नोतंच."

"मंग भर ना! घेतलं तं घेतलं, नाई तं नाई. एक सही कराले काय जाते?"

गोपिकाने ओसरीतून वाफ्यांकडे पाहिले. आनंदाबाई गेल्यापासून तिथे कोणी पाणी सोडले नव्हते, वांगी काळी पडली होती. ती हळूहळू, एक एक शब्द काढत म्हणाली, "हा कागद भरता यावा म्हणूनच मोठी आई मेली. मी भरला, तं तिनं बरोबर केलं असं होते. तिनं बरोबर नाई केलं."

शकुबाई घरी गेल्या आणि पाण्याची बादली घेऊन परत आल्या.

सप्टेंबर आला आणि गेला. अर्जाची मुदत संपली असे पत्र आले नाही, कारण अर्ज कोणी केलाच नव्हता. गोपिका आता मिरच्या आणि सांभार विकते. टोपली माझ्या आडव्या फळीवर बांधते आणि बाजाराच्या कडेला उभी राहते. बाभळीचे लाकूड असले तरी माझा डावा खांब चिरला आहे, आणि उतारावर मी एका बाजूला ओढतो. तिला ते ठाऊक आहे. ती दुसऱ्या बाजूने जोर लावते.

मित्रांनो, ही हकीकत सांगताना मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले आहे. हिच्यात कोणी नियम मोडला नाही आणि कोणी खोटा कागद केला नाही. नियम करणारे दूर होते, ते आमच्या अंगणात कधी आले नाहीत. अंगणात जे होते त्यांचे एकमेकांवर प्रेम होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला दुखवू नये म्हणून थोडे थोडे लपवत गेला. शेवटी त्या लपवलेल्या गोष्टींनी एका बाईचा जीव घेतला.

माझ्या चाकांना तेल द्या, मला उन्हापावसात ठेवू नका, असे मी तुम्हाला सांगू शकलो असतो. ते गोपिका करतेच. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कोणी माझ्यासारख्याला धरून चालत असेल, तर त्याच्याविषयी जे ठरवायचे ते त्याच्यासमोर बसून ठरवा. त्याला बोलायला वेळ लागला तर थांबा. आणि कोणाला नियम सांगायची वेळ आली, तर पुरा सांगा. जो भाग सांगवत नाही, तो आधी सांगा.